सरोजिनी नगरात सरोजिनी कुठे?

दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गावर दक्षिण दिल्लीत पाच स्थानकं ओळीने लागतात: दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस, सर विश्वेश्वरय्या मोतीबाग, भिकाजी कामा प्लेस, सरोजिनी नगर आणि दिल्ली हाट-आयएनए. दुर्गाबाई देशमुख ते लाजपत नगर हा टप्पा ६ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाला. या ओळीत एक समाजसेविका आहे, एक अभियंता, एक क्रांतिकारक आणि शेवटी आझाद हिंद सेनेची इंग्रजी आद्याक्षरं. कलावंत म्हणावं असं नाव एकच, सरोजिनी नायडूंचं. पण तेही कवयित्री म्हणून इथवर पोहोचलं का, याची शंका येते.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी इथे क्वार्टर उभी राहिली, तेव्हा सगळा परिसर विनय नगर म्हणून ओळखला जाई. पुढे त्याचे तुकडे पडले आणि प्रत्येकाला वेगळं नाव मिळालं. सरोजिनी नगराचे शेजारी पाहिले तर नावांची निवड कोणत्या यादीतून झाली ते कळतं. लक्ष्मीबाई, नेताजी, नौरोजी, किडवई ही सगळी राष्ट्रीय लढ्याच्या पटावरची माणसं. सरोजिनीबाईही त्या पटावर हक्काने बसतात. १९२५ च्या कानपूर काँग्रेसच्या त्या अध्यक्षा, १९३० मध्ये धारासण्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाच्या नेत्या. १९४७ मध्ये त्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौला त्याच पदावर असताना वारल्या. त्यांच्या हयातीतला शेवटचा नवा कवितासंग्रह मात्र १९१७ मधला. म्हणजे वसाहतीला नाव पडलं त्याच्या कितीतरी आधी कवयित्री मागे सरली होती आणि पुढारी पुढे आली होती. वसाहतीने पुढारीच उचलली.

गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कलावंतांची नावं दिल्लीच्या नकाशावर आली ती बहुधा अशी दुसऱ्या दारानेच. सरोजिनी नगरापासून जवळच त्यागराज नगर आहे, तेही सरकारी क्वार्टरांचं. कर्नाटक संगीतातल्या एवढ्या मोठ्या रचनाकाराचं नाव असलेलं तिथलं स्टेडियम २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत नेटबॉलसाठी वापरलं गेलं. २०२२ मध्ये ते नाव देशभर गाजलं, तेही एका सनदी अधिकाऱ्याच्या कुत्र्याच्या फेरफटक्याच्या बातमीने! त्या गदारोळात त्यागराजांच्या कृतींची आठवण कुणालाही झाली नाही, आणि व्हावी असं त्या इमारतीत काही नाहीही. चित्रकर्ती अमृता शेरगिल यांच्या नावाचा रस्ता पूर्वी रॅटनडोन रोड होता. आज तो महागड्या बंगल्यांचा पत्ता म्हणून ओळखला जातो. मराठी वाचकाने मुद्दाम पाहावा असा रस्ता आयटीओजवळ आहे, विष्णु दिगंबर मार्ग. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं दरबारातून वर्गात आणलं. त्यांच्या नावाच्या या मार्गावर ११ क्रमांकाला हिंदी भवन आहे. त्यांच्या परंपरेतलं, १९३९ मध्ये सुरू झालेलं दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय मात्र शेजारच्या दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आहे. पाटी एका रस्त्यावर, तानपुरा दुसऱ्या.

याउलट तानसेन मार्ग पाहा. तिथे त्रिवेणी कला संगम आहे, नाच, गाणं, चित्रं सगळं शिकवणारी संस्था. त्यामुळे मार्गाचं नाव वाऱ्यावर सुटलेलं वाटत नाही. महाराष्ट्रात तर यापेक्षा नेटकं उदाहरण आहे. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. १९६७ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, दार उघडलं. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले दोन बालगंधर्व आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. नाटकाला आलेला, तिकीट हातात धरून उभा असलेला माणूस त्यांच्यासमोरून जातो. लखनौत १९२६ मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने संगीत महाविद्यालय निघालं, त्याला नाव पडलं गव्हर्नर मॅरिस यांचं. ते १९६६ मध्ये भातखंड्यांचं झालं. तिथे चाळीस वर्षं काम आधी आणि नाव मागून आलं. म्हणूनच ते टिकलं, असं मला वाटतं. नाव आणि काम एका छताखाली असलं तरच कलावंताचा सन्मान होतो. एरवी उरतो तो पत्ता.

यावर पहिला आक्षेप असा की पत्ता होणं म्हणजेच अमर होणं. ‘सरोजिनी चलें?’ असं दिल्लीतली कॉलेजातली मुलं रोज एकमेकांना विचारतात. एवढं भाग्य कोणत्या कवीला लाभलं? युक्तिवाद गोड आहे, पण तो सरोजिनी या शब्दाबद्दल आहे, बाईंबद्दल नाही. त्या शब्दामागे आज सरोजिनी नगरच्या बाजारातले स्वस्त कपड्यांचे ढीग आहेत, आणि जुन्या दिल्लीकरांच्या मनात २९ ऑक्टोबर २००५ चा, दिवाळीच्या तोंडावरचा बॉम्बस्फोट आहे. या बाजारात निर्यातीतून उरलेला माल येतो आणि विकण्याआधी पुष्कळदा कंपनीचं लेबल कापलेलं असतं. बाजाराच्या नावाचं नेमकं उलट झालं आहे: लेबल शाबूत, कपडा गायब. दुसरा आक्षेप ‘स्थानिक’ या शब्दाचा. सरोजिनी हैदराबादच्या, त्यागराज तंजावरकडचे, पलुस्कर कुरुंदवाडचे. दिल्लीने आपले कलावंत सोडून बाहेरचे का मिरवावेत? यात तथ्य आहे. बादशहा जफरचे उस्ताद, शायर जौक यांच्या पहाडगंजमधल्या कबरीवर सार्वजनिक शौचालय उभं राहिलं होतं. ते हटवायला न्यायालयाचा आदेश लागला. पण क्वार्टरांतला कारकून तरी कुठला दिल्लीचा होता? सरोजिनी नगरातल्या एका शाळेचं नाव आजही विनय नगर बंगाली स्कूल आहे, आणि त्या एका पाटीत वस्तीचं जुनं नावही आहे आणि वस्तीला आलेली माणसंही. नावं बदलली की इतिहास पुसतो, या तिसऱ्या आक्षेपाचंही बरंचसं उत्तर त्या पाटीवर आहे.

आता हा सगळा प्रश्न पुन्हा उघडला आहे. सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासात सरोजिनी नगरची बुटकी क्वार्टर पाडून उंच इमारती बांधल्या जात आहेत, आणि झाडांच्या तोडीवरून २०१८ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. शेजारच्या नौरोजी नगरात क्वार्टरांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांना वर्ल्ड ट्रेड सेंटर म्हणतात. दादाभाई आता जेमतेम पत्त्यात उरलेत. मेट्रो स्थानकांच्या नावाला कंपनीचं नाव जोडण्याचा हक्कही विकला जातो. सरोजिनींचं नाव बाजार सांभाळेल, त्याची काळजी नको. त्यांची कविता सांभाळण्याची सोय मात्र बाजारातच होण्यासारखी आहे. १९१२ च्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ या संग्रहात हैदराबादच्या बाजारावर त्यांची एक कविता आहे. तिच्यात एकेका विक्रेत्याला विचारलं जातं, तुम्ही काय विकता, काय घडवता, आणि प्रत्येक जण आपला माल सांगतो. बाजाराच्या नावाची कवयित्री, आणि तिची कविता बाजाराचीच. कुणाच्या परवानगीचा प्रश्न नाही, त्यांना जाऊन पंचाहत्तर वर्षं होऊन गेली. मेट्रोतून वर येणाऱ्या जिन्याची भिंत पुरेल, मूळ इंग्रजी आणि शेजारी हिंदी, बंगाली, तेलुगू. खाली उभा राहून शंभराला टॉप विकणारा मुलगा ती वाचेलच असं नाही, पण त्यातला सवाल त्याला दिवसभर कुणी ना कुणी विचारतच असतं.