जत्रेचा पाळणा आणि उद्यानाचे तिकीट

शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातील केंदूर हे संत कान्हूराज महाराज पाठक यांचे गाव. वेळ नदीच्या खोऱ्यातील हा टापू पाण्याच्या बाबतीत नेहमीच ओढग्रस्तीचा राहिला. कांदा, ज्वारी, बाजरी आणि दूध यांवर येथील संसार चालत आले. आता त्यांच्या जोडीला सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि रांजणगाव येथील कारखान्यांचा पगार आला आहे. शिक्षक, लिपिक, बँकेतील नोकर अशी मासिक वेतनाची माणसे घराघरांत दिसू लागली आहेत. या बदलाबरोबर घरातील एक जुना प्रश्नही बदलला. पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडी मुले विचारीत, "मामाच्या गावाला कधी जायचे?" आता ती विचारतात, "खोपोलीच्या पार्कला कधी जायचे?" प्रश्न मुलांचा असला तरी त्याचे उत्तर घराच्या अंदाजपत्रकात शोधावे लागते, आणि म्हणूनच तो केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही.

मनोरंजन उद्यान ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अ‍ॅनाहाइम येथे १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले. भारतात दिल्लीचे 'अप्पू घर' १९८४ साली उघडले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली 'एस्सेलवर्ल्ड' आले. मुंबईकर मध्यमवर्गाच्या एका पिढीची पहिली मोठी सहल तेथे झाली. त्यानंतर २०१३ साली रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ, 'इमॅजिका' उभे राहिले. मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरांतून द्रुतगती मार्गाने गाठता यावे असे ते ठिकाण. पुढे तेथे जलउद्यान आणि निवासासाठी हॉटेलही झाले. केंदूरहून शिक्रापूर, चाकण, तळेगाव दाभाडे असे करीत खोपोलीस जावयाचे, तर एका बाजूने शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास घडतो.

दोन बाजारपेठा, दोन रीती

अर्थशास्त्राच्या दृष्टीने गावची जत्रा आणि हे उद्यान यांतील भेद उजळलेल्या दिव्यांचा किंवा यंत्रांच्या उंचीचा नाही. तो पैसे घेण्याच्या रीतीचा आहे. जत्रेत शिरण्यास कोणी पैसे मागत नाही. पाळण्यात बसावयाचे असेल तर पाळण्याचे पैसे, गोडीशेव हवी असेल तर गोडीशेवेचे, आणि काहीच नको असेल तर नुसते हिंडावे, कुस्त्या पाहाव्यात व घरी यावे. उद्यानात नेमके उलट आहे. दारात एकदाच भरभक्कम पैसे द्यावयाचे. मग आतील बहुतेक पाळणे हवे तितके फिरावेत.

या विषयावर वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याने उदाहरण घेतले ते डिस्नेलँडचेच. मक्तेदाराने नफा दारावर मिळवावा की पाळण्यावर, हा त्याचा प्रश्न. पाळणा एकदा उभारला की त्यात आणखी एक माणूस बसविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेव्हा सर्व ग्राहक सारख्याच आवडीचे असतील, तर पाळण्याचा दर खर्चापुरता ठेवावा आणि ग्राहकाला मिळणारे उरलेसुरले समाधान प्रवेशमूल्याच्या रूपाने दारातच वसूल करावे, असे त्याचे गणित सांगते. मात्र ग्राहक सारखे नसतील, तर प्रवेशमूल्य फार चढविल्यास लहान ऐपतीचा ग्राहक दारातूनच परत जातो, हेही तेच गणित सांगते. डिस्नेलँडमध्येही १९८२ सालापर्यंत वेगवेगळ्या पाळण्यांसाठी कुपने लागत. त्यानंतर एकच तिकीट आले. म्हणजे जत्रेची रीत तेथेही आरंभी होती. ती सोडून देण्यात आली.

हा भेद गरीब घराच्या दृष्टीने फार मोठा आहे. दहा रुपये खिशात असलेला मुलगा जत्रेत ग्राहक असतो. उद्यानाच्या दारात तो कोणीच नसतो. त्याला थोडी मौज विकत घेण्याची सोय तेथे नाही.

अठरा हजारांचा दिवस

केंदूरमधील एखाद्या शिक्षकाच्या घराचा हिशेब मांडून पाहू. नवरा-बायको, दोन मुले आणि वृद्ध आई-वडील अशी सहा माणसे. उद्यानांचे दर दिवसागणिक बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. माणशी दीड हजार रुपये तिकीट धरले, तर नऊ हजार रुपये झाले. भाड्याच्या गाडीचे पाच हजार. बहुतेक उद्यानांत बाहेरचे अन्न नेऊ देत नाहीत. तेव्हा माणशी चारशे रुपयांप्रमाणे खाण्याचे दोन हजार चारशे. सामान ठेवण्याचे कपाट, जलउद्यानात लागणारा पोशाख, छायाचित्रे आणि मुलांचा हट्ट यांचे सोळाशे. एकूण अठरा हजार रुपये झाले, आणि त्यात रात्रीचा मुक्काम नाही. तिकिटात वस्तू व सेवा कर आलाच. हा कर जुलै २०१७ मध्ये अशा उद्यानांवर २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. नऊ हजारांच्या तिकिटांत या दराने सुमारे १,३७० रुपये सरकारजमा होतात.

अठरा हजार रुपये म्हणजे किती, हे केंदूरच्या माणसाला कांद्याच्या भाषेत सांगितले की लगेच कळते. किलोला पंधरा रुपये भाव मिळाला तर बारा क्विंटल. दहा रुपयेच मिळाला तर अठरा क्विंटल. आणि यातून बियाणे, खत, मजुरी व वाहतूक अजून वजा करावयाची आहे.

पैशाखेरीज दुसरे एक मूल्य तेथे द्यावे लागते, ते वेळेचे. मे महिन्यातील गर्दीच्या दिवशी मोठ्या पाळण्यासमोर चाळीस मिनिटे रांग लागली आणि कुटुंबाने असे आठ पाळणे गाठले, तर पाच तास वीस मिनिटे उभे राहण्यात जातात. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची धरली, तर प्रत्यक्ष मौज चोवीस मिनिटांची. रांग टाळण्यासाठी अनेक उद्याने वेगळे, महागडे तिकीट विकतात. म्हणजे दारातील भेदानंतर आत दुसरा भेद सुरू होतो. शिवाय भित्र्या आजीने किंवा गुडघेदुखीच्या आजोबांनी एकाही पाळण्यात पाऊल ठेवले नाही, तरी तिकीट प्रत्येकाचेच.

दर चढतात केव्हा, हेही पाहण्यासारखे आहे. शनिवार-रविवार, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी हे महाग दिवस. शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला सुट्टी मिळते ती नेमकी तेव्हाच. शेतकऱ्यालाही उन्हाळी कांदा निघाल्यानंतर आणि खरिपाच्या पेरणीपूर्वी जी थोडी उसंत मिळते, ती मे महिन्यातच. ज्याची सुट्टी सक्तीची, त्याला भाव अधिक, हा बाजाराचा नियम आहे; त्यात कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. उद्यान चालविणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. यंत्रे, जमीन आणि व्याज यांचा खर्च पाऊस पडो वा ऊन पडो, चालूच राहतो. 'इमॅजिका'च्या मूळ प्रवर्तकांना कर्जाचा भार पेलला नाही आणि २०२२ साली त्या कंपनीचे नियंत्रण मालपाणी समूहाकडे गेले, ही घटना या धंद्यातील स्थिर खर्चाचे ओझे किती असते, ते स्पष्ट करते.

मोफत सुट्टीची किंमत

एवढा हिशेब झाल्यावर कोणी म्हणेल, की मग जुनी सुट्टीच बरी होती; मामाच्या गावी जावे, आमरस खावा, विहिरीत पोहावे, आणि खर्च शून्य. हा युक्तिवाद गोड आहे, पण अपुरा आहे. ती सुट्टी मोफत नव्हती. तिची किंमत मामी देत असे. दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या, धुणी-भांडी, दुरून आणलेले पाणी, या कशाचीच नोंद कोणत्याही वहीत होत नसे. घरातील बिनमोबदला श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत, हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. सुट्टीच्या आठवणी लिहिताना मात्र तेच ते विसरतात. देवदर्शनाच्या प्रवासातही पहाटे उठून दशम्या करावयाच्या त्या घरातील स्त्रीनेच. उद्यानातील महागडे, बेचव जेवण पुरुषाला खटकते. पण वर्षातून एक दिवस चूल न पेटविता हातात आयते ताट येणे, याची किंमत तिला विचारून ठरविली पाहिजे. त्या अठरा हजारांच्या हिशेबात ही एक जमेची बाजू आहे, आणि ती लहान नाही.

करमणुकीवरील खर्चाला उधळपट्टी म्हणून झिडकारणेही योग्य नव्हे. उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा नियम एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला. भारताच्या ग्रामीण भागात मासिक उपभोगखर्चातील अन्नाचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. पोटाच्या पलीकडे पाहण्याची थोडी सवड खेड्यातील माणसाला प्रथमच मिळत आहे. ती त्याने शहरी माणसासारखी वापरली, तर नाक मुरडण्याचा अधिकार शहरी माणसाला नाही.

प्रश्न जावे की न जावे हा नसून कोणत्या पैशाने आणि कोणाच्या संमतीने जावे, हा आहे. दरमहा दीड हजार रुपये बाजूला टाकले, तर बारा महिन्यांत अठरा हजार उभे राहतात; त्या पैशाची सहल वर्षभर वाट पाहून केलेली असते आणि तिचा आनंदही वर्षभर पुरतो. तीच सहल हप्त्यांवर वा उसनवारीवर केली, तर पाळण्यातील तीन मिनिटांचे व्याज पुढील दिवाळीपर्यंत फेडावे लागते. आजी-आजोबांना वगळणे जिवावर येते; पण त्यांना विचारले, तर ती कदाचित आळंदीच मागतील. वयाची पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस.टी.चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे, आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. दोन तिकिटांच्या तीन हजारांत त्यांची स्वतंत्र यात्रा सुखाने होईल.

शाळेची सहल

कुटुंबाने आपल्या पैशाचे काय करावे, हे कुटुंब ठरवील. शाळेच्या सहलीचे तसे नाही. अलीकडे अनेक शाळा आपली वार्षिक सहल मनोरंजन उद्यानात नेऊ लागल्या आहेत. शाळांना सवलतीचे दर मिळतात, हे खरे. परंतु सवलतीनंतर उरणारी रक्कमही शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. वर्गातील बहुतेक मुले जातात आणि आठ-दहा मागे राहतात. सहलीला का आला नाहीस, असे विचारल्यावर ती "बरे नव्हते" असे सांगतात. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळीकडे उद्यानाच्याच गोष्टी चालतात, आणि ती मुले खिडकीबाहेर पाहत बसतात. उद्यानाने ऐपतीप्रमाणे दार उघडावे, हा त्याचा व्यवहार आहे. शाळेने तेच दार आपल्या वर्गाला लावून घ्यावे, हे मात्र कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

शैक्षणिक सहलींना एस.टी. भाड्यात ५० टक्के सवलत देते. केंदूरच्या शाळेला जवळच पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेला विज्ञान आश्रम आहे. जुन्नर तालुक्यात शिवनेरी आहे. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. याच शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे तर मोर पाहावयास आणि हुरडा खावयास पुण्या-मुंबईची कुटुंबे पैसे मोजून येतात. शहरातील मूल शिरूरचे शिवार पाहावयास येते आणि शिरूरचे मूल खोपोलीचे यंत्र पाहावयास जाते; यात वावगे काही नाही. जे रोजचे नाही ते पाहण्याची ओढ दोघांनाही सारखीच. मात्र पहिल्याचा खर्च त्याचे पालक करतात, आणि दुसऱ्याच्या शेजारच्या बाकावरील मित्र घरी राहिलेला असतो.

म्हणून एक साधा नियम शाळांनी स्वतःला घालून घ्यावा : वर्गातील सर्वांत गरीब मुलाला परवडेल तेथेच सहल न्यावी, त्याहून दूर न्यावयाची असेल, तर त्याचा खर्च आधी उभा करावा आणि मगच तारीख जाहीर करावी. जत्रेच्या दारात कोणी तिकीट मागत नव्हते, म्हणून पाळण्यात न बसलेला मुलगाही जत्रेला गेलेला असे. शाळेची सहल त्या जत्रेसारखी असावी. उरलेली मौज ज्याने त्याने आपल्या बचतीतून खुशाल विकत घ्यावी.