थंडीत माशांची टाकी : पाणी ऊबदार ठेवायचं कसं?

दिवाळी सरली की गटातल्या बायकांचा एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. "ताई, मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेत, खात नाहीत, काय करू?" ज्यांनी घरी काचेच्या टाकीत गप्पी, मोली, एंजल, फायटर असे शोभेचे मासे ठेवलेत, कुणी हौसेनं तर कुणी पिल्लं वाढवून विकण्यासाठी, त्या सगळ्यांसाठी आजचा विषय आहे. टाकीतलं पाणी थंडीत एकसारखं ऊबदार कसं ठेवायचं, त्यासाठी हीटर कोणता घ्यायचा आणि तो जिवाला धोका न होता कसा वापरायचा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

थंडी माशाला का बाधते?

आपलं अंग बाहेर थंडी असो की ऊन, ३७ अंशांच्या आसपासच राहतं. माशाचं तसं नसतं. जेवढं पाणी गार, तेवढंच त्याचं अंग गार. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल कमी होते, रोगाशी झगडायची ताकद घटते. न खाल्लेलं खाणं तळाशी कुजतं आणि पाणी खराब होतं. मग अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा एका सूक्ष्म परजीवीचा रोग आहे. तो एका माशावरून सगळ्या टाकीत पसरतो. पिल्लं विकायच्या वयाला आलेली असताना हा रोग शिरला, तर दोन-तीन महिन्यांची मेहनत आठवड्यात जाते.

आपण पाळतो ते बहुतेक मासे मुळात उष्ण देशांतले. गप्पी आणि एंजल दक्षिण अमेरिकेतले, मोली मेक्सिकोकडची, फायटर थायलंडकडचा. त्यांना २४ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. गोल्डफिश मात्र चीनमधला, गार पाण्यातला. त्याला २० अंशांच्या आसपास बरं वाटतं, म्हणून आपल्याकडे त्याला सहसा हीटर लागत नाही. गोल्डफिश आणि एंजल एकाच टाकीत ठेवू नका म्हणतात, त्याचं एक कारण हेच.

आणखी एक गोष्ट. नुसत्या गार पाण्यापेक्षा पाण्याची चढ-उतार माशाला जास्त छळते. दुपारी २७ आणि पहाटे १८, असं रोज व्हायला लागलं की मासा खचतो. म्हणून आपलं काम पाणी तापवण्याचं नाही, ते एका जागी टिकवण्याचं आहे.

कोकणपट्टीत थंडी बेताची असते, तिथे एखादा आठवडा सोडला तर झाकण आणि आडोसा यावर भागतं. पण निफाडकडे काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. नागपूर-गोंदियाकडची पहाटही कडक असते. तिथे पत्र्याच्या घरातली टाकी हीटरशिवाय टिकवणं अवघड.

आधी बिनखर्चाची ऊब

हीटर घेण्याआधी टाकीची ऊब बाहेर जाते कुठून, ते बघा. माठातलं पाणी गार का होतं, हे आपल्याला माहीत आहे. बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. उघड्या टाकीचंही तेच होतं. म्हणून पहिला उपाय झाकण. काचेचं किंवा प्लॅस्टिकचं चालेल, फक्त हवेसाठी थोडी फट ठेवा.

दुसरा उपाय थर्मोकोल. टाकीच्या खाली, मागे आणि दोन्ही बाजूंना अर्धा-एक इंच जाडीचं थर्मोकोल लावा. समोरची काच तेवढी उघडी ठेवा. तिसरा उपाय जागा. दार-खिडकीच्या झोतात, पत्र्याच्या भिंतीला चिकटून किंवा उन्हाच्या तिरिपेत टाकी नको. एवढं केलं तर हीटर कमी वेळ चालतो आणि बिल वाचतं.

हीटर काम कसा करतो?

टाकीचा हीटर म्हणजे बंद काचेची नळी. तिच्यात तापणारी तार असते आणि थर्मोस्टॅट असतो. आपल्या इस्त्रीत जे होतं तेच इथे होतं. हवं तेवढं तापलं की आपोआप बंद, गार झालं की आपोआप चालू. साध्या हीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की ती वाकते आणि वीज तुटते. वर गोल बटण असतं, ते फिरवून अंश ठरवायचे. दिवा लागलेला असला की समजायचं, हीटर तापतोय.

किती वॉटचा घ्यायचा?

यासाठी टाकीत किती लिटर पाणी आहे, ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे दोन घनफूट, म्हणजे ५६ लिटर. वरची दोन इंच रिकामी सोडली तर सुमारे ४७ लिटर.

साधा हिशोब असा, की लिटरमागे एक वॉट. पण हा हिशोब घर फार गार नसेल तेव्हाचा. रात्री खोली १२-१३ अंशांवर जात असेल आणि पाणी २५ वर ठेवायचं असेल, तर लिटरमागे दोन वॉट धरा. म्हणजे या टाकीला बेताच्या थंडीत ५० वॉटचा आणि कडक थंडीत १०० वॉटचा हीटर. पाणी १०० लिटरच्या पुढे असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, दोन टोकांना लावा. एक बिघडून बंद पडला तर दुसरा थोडी तरी ऊब धरतो. एक बिघडून चालूच राहिला, तरी लहान असल्यामुळे पाणी एकदम उकळायला निघत नाही.

बिलाचंही बोलू. १०० वॉटचा हीटर दहा तास तापला की एक युनिट. तो सतत तापत नाही, थांबून थांबून तापतो. दिवसाला मिळून आठ तास तापला असं धरलं तर महिन्याला २४ युनिट. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर बघून त्याला २४ नं गुणा. तो आकडा गटाच्या वहीत माशांच्या खर्चात लिहा, म्हणजे पिल्लांचा भाव ठरवताना तो विसरला जाणार नाही.

बादलीतला रॉड टाकीत नको

ही गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इथे प्रश्न माशांचा नाही, तुमच्या जिवाचा आहे. आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड माशांच्या टाकीत कधीही घालू नका. पाच मिनिटंही नको. तो हजार-दीड हजार वॉटचा असतो आणि साध्या रॉडला आपोआप बंद व्हायची सोय नसते. दीड हजार वॉटचा रॉड ४७ लिटर पाणी दोन-अडीच मिनिटांत एक अंशानं तापवतो. अर्ध्या तासात पाणी १२-१३ अंशांनी चढतं, मासे मरतात. रॉडमधून वीज पाण्यात उतरली आणि कुणी हात घातला, घरातलं लेकरू टाकीशी खेळायला गेलं, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

कोंबडीच्या पिल्लांना लावतो तसा बल्ब टाकीवर लावू का, असंही काही जणी विचारतात. त्यानं वरचं पाणी थोडं तापतं, खालचं गारच राहतं. रात्रभर उजेडामुळे माशांना विसावा मिळत नाही आणि गरम बल्बवर पाण्याचा थेंब उडाला की काच फुटते. तेव्हा तोही नको.

हीटर लावायची रीत

१. हीटर आणला की पिन न लावता तो टाकीत ठेवा. वीस मिनिटं तसाच राहू द्या. काच पाण्याइतकी गार-गरम झाली की मगच पिन लावा. पाण्याबाहेर हीटर कधी चालू करू नका, काच तडकते.

२. हीटर रबरी चकत्यांनी काचेला पक्का बसवा. नळीवर पाण्याच्या पातळीची खूण असते, पाणी तिच्या खाली जाता कामा नये. वाळूत किंवा खड्यांत तो पुरू नका.

३. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड हीटरच्या जवळ ठेवा. बुडबुड्यांनी पाणी फिरतं आणि ऊब सगळीकडे पोचते. पाणी फिरलं नाही तर हीटरजवळ गरम आणि दुसऱ्या टोकाला गार राहतं.

४. थर्मामीटर हीटरपासून लांबच्या टोकाला लावा. हीटरवरचे आकडे एक-दोन अंशांनी चुकू शकतात. बटण २५ वर ठेवलं आणि थर्मामीटर २३ दाखवत असेल, तर थर्मामीटर खरा मानून बटण थोडं पुढे करा.

५. पाणी आधीच गार झालं असेल तर घाई करू नका. दिवसाला दोन-तीन अंश वाढले तरी पुरे.

६. हीटरची वायर बोर्डाकडे नेताना आधी खाली झोका देऊन मग वर घ्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्यापाशी गळून पडतं, बोर्डात शिरत नाही.

७. टाकीत हात घालायच्या आधी पिन काढा. बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही, पिनच काढा. पाणी बदलायचं असेल तर पिन काढून वीस मिनिटं थांबा, मग पाणी उपसा.

घराला अर्थिंग आहे का आणि वीज गळती झाली तर आपोआप पडणारा स्विच बसवता येईल का, ते वायरमनकडून बघून घ्या. हीटरची काच तडकलेली दिसली तर आधी मेन स्विच बंद करा, मग पिन काढा, मगच टाकीला हात लावा. तडकलेला हीटर चिकटवून पुन्हा वापरू नका.

पाणी बदलताना

गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी बर्फासारखं असतं. ते तसंच ओतलं की एका तासात सगळी मेहनत वाया. म्हणून थंडीत पाणी दुपारी बदला आणि एका वेळी पाव भागच बदला. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून घरात ठेवा, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीनही बराचसा उडतो. पाणी कमी पडतंय तेवढंच गरम करून बादलीत मिसळा, थर्मामीटर लावून बघा, टाकीइतकं झालं की हळूहळू ओता. गरम पाणी सरळ टाकीत ओतू नका.

गरम पाणी तांब्याच्या बंबातलं मात्र घेऊ नका. तांब्याचा अंश माशांना विषासारखा असतो. स्टीलच्या पातेल्यात तापवा.

लाईट गेली तर?

लाईट गेली की हीटर आणि हवेचा पंप दोन्ही बंद पडतात. आधी काळजी हवेची करा, कारण थंडीपेक्षा हवेवाचून मासे लवकर दगावतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो गटात एक तरी असावा. तो नसेल तर दर थोड्या वेळानं तांब्याभर पाणी काढून वरून धार धरा. मग टाकीभोवती गोधडी गुंडाळा, वरची फट उघडी ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून बूच घट्ट लावून ती टाकीत तरंगती सोडता येते. गार झाली की बदला. लाईट येईपर्यंत खाणं घालू नका.

पांढरे ठिपके दिसलेच तर पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ऊब वाढली की परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि औषध लवकर लागू पडतं. औषध दुकानदाराला विचारून, पाण्याच्या लिटरप्रमाणे मोजूनच घाला. ठिपके गेले म्हणून लगेच औषध थांबवू नका, अंगावरून सुटलेला परजीवी अजून पाण्यात असतो.

होळीनंतर हीटर काढा, धुवा, पुसून खोक्यात ठेवा. उन्हाळ्यात उलटं संकट असतं, पाणी ३२-३३ च्या पुढे जातं. त्याबद्दल आपण उन्हाळ्याच्या तोंडावर बोलू.

या आठवड्याचं काम एवढंच. टाकीजवळ एक वही ठेवा. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा थर्मामीटर बघून आकडा लिहा. दोन आकड्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी झाकण आणि थर्मोकोल लावा, तरी फरक राहिला तर हीटरचा विचार करा. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. कुणाच्या टाकीला हीटर लागतो आणि कुणाचं गोधडीवर भागतं, ते आकडे बघूनच ठरवू.