लीडरशिप कोर्स घेताय? फी भरण्याआधी हे तपासा

सात-आठ वर्षं नोकरी झाली की प्रमोशनसाठी मोठ्या बिझनेस स्कूलचा लीडरशिप कोर्स करावा, असं आपल्या अनेक तरुणांना वाटतं. आमचे जुने विद्यार्थीही हाच सवाल घेऊन येतात. फी लाखांत जाते, आणि हा पैसा बहुतेकदा घरासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी साठवलेला असतो. म्हणून आम्ही त्यांना तीन गोष्टी आधी बघायला सांगतो.

पहिली, शेवटी हातात काय पडणार? २०१७च्या कायद्याने आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, पण त्यांचा प्रत्येक कोर्स पदवीचा नसतो. काही महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सला सर्टिफिकेट मिळतं. ते एमबीए नव्हे. तुमच्या कंपनीत प्रमोशनला काय चालतं, ते एचआरला विचारा.

दुसरी, शिकवणार कोण? बरेच कोर्स एडटेक कंपन्यांमार्फत विकले जातात. प्राध्यापक लाइव्ह किती तास शिकवणार आणि रेकॉर्डेड व्हिडिओ किती, हे लेखी घ्या.

तिसरी, एकूण खर्च. छोट्या कोर्सच्या फीवर साधारणपणे १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ‘सोपे हप्ते’ म्हणजे बऱ्याचदा कर्जच. व्याज किती ते वाचल्याशिवाय सही करू नका.

पदवीच हवी असेल तर इग्नूचं एमबीए किंवा मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे तीन वर्षांचे पार्ट-टाइम कोर्स बघा. नोकरी सोडावी लागत नाही.