आज सा कुठला?

सकाळी साडेदहा. हंगामात आमची सकाळ इथून सुरू होते. पहाटे नाटक संपतं, कंपनीची गाडी दारात सोडते, आणि चहा न घेता झोपायचं हा माझा नियम आहे. चहा घेतला की झोप गेली. भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत हेच. धान कापून चुरून झालं, हातात पैसा आला, मंडईच्या जत्रेला लेकीबाळी माहेरी आल्या, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत रात्रभराची नाटकं लागतात. पुण्या-मुंबईकडे तीन तासांचं नाटक लांबलं म्हणतात. इथे पडदा मध्यरात्री पाडून पाहा, नाटक लावणारं गावचं मंडळ गाडी अडवेल.

अकरा. हार्मोनियमची पेटी उघडून बसतो. रात्रभर दवात राहिल्याने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. वर मळणीच्या दिवसांतली धूळ. स्वराच्या पितळी जिभेखाली एक कण शिरला तरी स्वर घोगरा होतो किंवा मुका राहतो. कण ब्रशने निघतो. स्वर उतरला असेल तर जिभेचं टोक हलकेच खरवडायचं, चढला असेल तर बुडाशी. खरवडलेलं पितळ परत येत नाही, म्हणून हे काम झोप झाल्यावरच. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. माझ्या पेटीतलं पितळ मात्र गुजरातेतल्या पालिताण्याचं.

या वाद्याला आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती, ती १९७१पर्यंत उठली नाही. आक्षेप दोन : त्यातून मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर सलग घसरणं, निघत नाही, आणि बारा स्वर सारख्या अंतरावर बसवल्यामुळे गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा लागतो. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्याच काळात गोविंदराव पटवर्धन नाट्यपदांना अशी साथ करत होते, की गायकाची जागा गळ्यातून निघते न निघते तोच पेटीतून ऐकू यावी. बंदी घालणाऱ्यांनी वाद्य तपासलं, हात तपासले नाहीत, असं माझं मत. पेटीवाला आहे, तेव्हा ते एकतर्फी धरा.

एक वाजता वरण, भात, वांग्याची भाजी. पुन्हा तासभर आडवं.

चार. क्लास. ओसरीवर सतरंजी, तीन पेट्या, एक कीबोर्ड. मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, पुढे जमलं तर विशारद. मंडळाची नोव्हेंबर-डिसेंबरची परीक्षा माझ्या हंगामात येते, म्हणून मी सगळ्यांना एप्रिल-मेलाच बसवतो. पालकांना हे पटलेलं नाही.

माझा क्लास मुख्यतः एकाच गोष्टीवर चालतो. मुलाला एक अलंकार पक्का झाला, की मी सा हलवतो. भूप राग घ्या. पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून वाजवला तर पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर. अर्धा स्वर चढून काळी एक धरली, की चार काळ्या आणि एकटा गंधार पांढरा. आणखी अर्धा चढा, पांढरी दोन : आता चार पांढऱ्या आणि तोच गंधार काळीवर. राग तोच, चाल तीच, बोटांचा रस्ता तीन वेळा बदलला. पियानो शिकणारी मुलंही बाराच्या बारा पट्ट्यांतून सप्तकं घोटतात, ती उगाच नाही. आमची मुलं एकाच सावर वर्षानुवर्षं बसतात, प्रमाणपत्र मिळवतात, आणि शेजारी गाणारं माणूस येऊन बसलं की हात थिजतात.

"गुरुजी, हे कायले पायजे? कीबोर्डवर बटन दाबला का कारी एकची कारी दोन होते," दहावीतल्या पोराने आज पुन्हा विचारलं.

बटण आहे, खरं आहे. बोट जिथे होतं तिथेच ठेवून सूर सरकवता येतो. त्याला म्हटलं, "आज रात्री सोबत ये. बापाला विचारून ये."

सात. गाडी. पोरगा आला, कानटोपी घालून. आजचं नाटक पवनी तालुक्यात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी दिल्यावर पट पुन्हा भरू लागले. दिवसा बैल, रात्री नाटक.

साडेनऊ. मेकअपच्या खोलीत मी फक्त एकच विचारतो : आज सा कुठला? नायिका नवी, नागपूरची. तालमीला एक दिवस मिळाला होता. तिची पट्टी काळी चार. नायक काळी एकचा, पण सलग रात्रींनी घसा बसलेला. युगुलगीतात दोघांचं जमवायचं म्हणजे कुणीतरी चढून गाणार, कुणीतरी दबून. बोलणी माझ्यासमोर होतात आणि ज्याचं नाव पोस्टरवर मोठं, त्याची पट्टी ठरते. वादकांची नावं सगळ्यात खाली असतात. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. एखाद्या ऑर्गनवाल्याला ती मिळेल असं कुणी स्वप्नातही म्हटलं नाही.

साडेदहा. नांदी. पेटीवर मी, शेजारी तबला, ऑक्टोपॅड. नाट्यपदं पेटीवर, झगमगीत गाणी कीबोर्डवर. पोरगा माझ्यामागे घोंगडी घेऊन.

पावणेतीन. तिसऱ्या अंकात नायकाचं पद. पहिल्या ओळीतच मला कळलं, आवाज काळी एकवर टिकत नाही. षड्जावर येताना तो घसरत होता. नजरेने खूण झाली. पुढच्या ओळीच्या आधी तबल्याने लहानसा तिय्या घेतला तेवढ्यात मी पांढरी एकवर उतरलो. पेटीला बटण नाही. असतं तरी दोन्ही हात गुंतलेले, एक भात्यावर, एक पट्ट्यांवर. तबला त्या पदापुरता अर्धा स्वर चढाच राहिला. आमच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आला नसावा. 'वन्स मोअर' आला. नायकाने माझ्याकडे रागाने पाहिलं, कारण आता पुन्हा गावं लागणार होतं.

पाच. पडदा. गावच्या मंडळाच्या खजिनदाराने कंपनीचा हिशेब केला, कंपनीने आमची नाइट दिली. पोराने गाडीत विचारलं, "गुरुजी, ते अर्धा स्वर कवा उतरला? मले दिसलाच नाही."

"उद्या चारला पेटीवर बस," म्हटलं, "पांढरी एकपासून सुरू करू."

तो म्हणाला, उद्या शाळेत चाचणी आहे.