विश्लेषण : भेट म्हणून लाकडी बाहुलीघर घरीच कसे बनवायचे? माप, प्लाय आणि रंगाचे गणित काय?

प्लायचा चार बाय दोन फुटांचा एक तुकडा, पाठीसाठी एक पातळ तुकडा, फेव्हिकॉल, मूठभर बारीक खिळे आणि दोन आठवड्यांच्या सुट्ट्या. एवढ्या सामग्रीत चार खोल्यांचे लाकडी बाहुलीघर उभे राहते. त्यासाठी सुतार असण्याची गरज नाही. मात्र घरी बनवलेले बाहुलीघर तीन ठिकाणी हमखास फसते. बाहुली खोलीत मावत नाही, चौकट काही दिवसांत डुगडुगू लागते किंवा रंग मुलांसाठी सुरक्षित नसतो. पहिल्या दोन चुका दिसतात तरी, तिसरी दिसत नाही. म्हणून करवत हातात घेण्याआधी हे गणित समजून घेऊ.

बाहुलीघराची परंपरा किती जुनी?

नोंद असलेल्या सर्वांत जुन्या बाहुलीघरांपैकी एक बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७-५८ मध्ये बनवून घेतले होते. ते खेळण्यासाठी नव्हते, श्रीमंती दाखवण्यासाठी होते. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बनलेले बाहुलीघर आजही विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात वीज आणि वाहते पाणीही आहे. त्याचे वास्तुरचनाकार होते एडविन ल्युटेन्स. म्हणजे ज्या काळात ते नवी दिल्लीचे व्हाइसरॉय हाऊस, आजचे राष्ट्रपती भवन, उभारत होते, त्याच काळात ते इंचभर उंचीच्या वस्तूंचाही विचार करत होते.

आपल्याकडे घरापेक्षा संसाराला महत्त्व होते. भातुकलीत चूल, जाते, पोळपाट, बंब असे सगळे असे. घर मात्र अंगणाच्या कोपऱ्यात खडूने आखलेले किंवा आजीच्या लुगड्याचा आडोसा केलेले. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाकडाची ठकी अनेक घरांत पोहोचली, पण ठकीला स्वतःचे छप्पर क्वचितच मिळाले. भिंती आणि मजले असलेले बाहुलीघर आपल्याकडे तुलनेने नवे. संसार मांडायची हौस मात्र जुनीच.

आधी घराचे माप घ्यायचे की बाहुलीचे?

बाहुलीचे. हौशी बाहुलीघरांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण १:१२ आहे. राणी मेरीचे घरही याच प्रमाणात आहे. याचा अर्थ खऱ्या घरातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. दहा फुटांची खोली दहा इंचांची आणि साडेपाच फुटांची व्यक्ती साडेपाच इंचांची. फूट-इंचात विचार करणाऱ्यांना यासाठी कॅल्क्युलेटरचीही गरज नाही.

मात्र बार्बीसारखी फॅशन बाहुली सुमारे साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंटिमीटर उंच असते. तिचे प्रमाण १:६ च्या आसपास येते. बाजारात दिसलेल्या फोटोवरून घर बनवले आणि मुलीकडे ही बाहुली असली, तर तिला त्या घरात फक्त झोपता येते. भेट गुप्त ठेवायची असेल, तर मूल झोपल्यावर बाहुलीची उंची मोजून घ्या. सारे नियोजन त्या एका आकड्यावर आहे.

घर कोणाचे बनवायचे?

इंटरनेटवरचे बहुतेक आराखडे उतरत्या छपराच्या, धुराडे असलेल्या बंगल्याचे असतात. तिरके कापही त्यातच सर्वाधिक चुकतात. सपाट गच्चीचे घर बनवायला सोपे आणि आपल्या मुलांच्या ओळखीचे. शिवाय गच्चीवर पापड वाळत घालण्याची सोय होते.

मोहने, आंबिवली परिसरातील कुटुंबांसाठी आणखी एक पर्याय आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे एनआरसीच्या वसाहतीत इथल्या अनेकांचे बालपण गेले. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि पुढे वसाहतीच्या इमारतींवरही हातोडा पडला. ज्या क्वार्टरमध्ये आई किंवा बाबा लहानाचे मोठे झाले, तिचा नकाशा बहुतेक घरांत कागदावर नाही. तो आजी-आजोबांच्या डोक्यात आहे. मोरी कुठल्या बाजूला होती, ओटा किती लांब होता, खिडकीतून काय दिसायचे, हे त्यांना विचारून आलेखाच्या कागदावर उतरवता येते. एका फुटाला एक इंच हे प्रमाण धरले, की नातीच्या भेटीबरोबर त्या घराचीही नोंद राहते. खोल्यांची मापे आठवणीप्रमाणे थोडी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही.

लाकूड कोणते घ्यावे?

नवशिक्यांसाठी ९ मिमी जाडीचा प्लाय सर्वांत सोयीचा. तो ६ मिमीइतका वाकत नाही आणि १२ मिमीइतका जड होत नाही. घराच्या आत वापरायच्या वस्तूला एमआर ग्रेड पुरतो. आयएस ३०३ हा क्रमांक आणि आयएसआय शिक्का पाहून घ्या. प्लायच्या थरांमधील डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. त्यामुळे कमी उत्सर्जनाचा ई१ किंवा ई० दर्जाचा प्लाय मिळाला तर उत्तम. एमडीएफ गुळगुळीत असतो. पण तो जड असतो, कापताना त्याची बारीक धूळ उडते आणि पाणी लागले की तो फुगतो.

पूर्ण आठ बाय चारचा प्लाय घेण्याची गरज नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा जवळच्या प्लायच्या दुकानात उरलेले तुकडे विचारा. मशीनवर सरळ काप मारून देणारा सुतार मिळाला, तर निम्मे काम तिथेच होते.

एका तुकड्यातून सगळे भाग कसे काढायचे?

चार बाय दोन फूट म्हणजे साधारण १२१९ बाय ६१० मिमी. आधी लांबीच्या दिशेने १९५ मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. करवतीच्या प्रत्येक कापात सुमारे ३ मिमी लाकूड जाते, हे धरूनही तुकडा पुरतो आणि खराब कडा छाटायला जागा राहते. मग पुढीलप्रमाणे काप घ्या :

– पहिली पट्टी : गच्ची ६०० मिमी, तळमजला ५८२ मिमी.
– दुसरी पट्टी : मधला मजला ५८२ मिमी, एक बाजू ५०० मिमी.
– तिसरी पट्टी : दुसरी बाजू ५०० मिमी, मधल्या भिंती प्रत्येकी २४१ मिमीच्या दोन.
– पाठ : ४ मिमी प्लायचा ६०० बाय ५०९ मिमीचा एक तुकडा.
– पाया : १२ मिमी प्लायचा दोन बाय एक फुटाचा एक तुकडा.

तळमजला आणि मधला मजला दोन्ही बाजूंच्या आत बसतात, म्हणून ते गच्चीपेक्षा दोन जाड्यांनी, म्हणजे १८ मिमीने कमी आहेत. यातून होणारी प्रत्येक खोली १:१२ प्रमाणात सुमारे सव्वाअकरा फूट रुंद, साडेसात फुटांहून थोडी अधिक खोल आणि साडेनऊ फूट उंच भरते. २९ सेंटिमीटरची बाहुली असेल, तर याच सामग्रीतून मधला मजला आणि मधल्या भिंती वगळा. उंच छताची एकच प्रशस्त खोली मिळते. स्वतःच्या नकाशावरून घर बनवताना आकडे बदलतील. पण भाग आधी कागदावर मांडून मगच प्लाय विकत घ्यायचा, हा क्रम बदलू नका.

जोडणीचा योग्य क्रम काय?

१) दारे-खिडक्या आधी कापा. सात फूट बाय तीन फुटांचे दार म्हणजे सात इंच बाय तीन इंच. खिडकी चार इंच चौरस पुरते. आतले कोपरे कापण्याआधी ड्रिलने भोक पाडून घ्या.

२) सर्व कडा आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जोडणीनंतर आतल्या कोपऱ्यांत हात पोहोचत नाही. घासताना तोंडावर मास्क हवा आणि मुले दूर हवीत.

३) आतल्या भिंतींचा रंग जोडणीआधीच द्या, पण जिथे फेव्हिकॉल लागणार ती ९ मिमीची पट्टी चिकटपट्टी लावून कोरी ठेवा. रंगावर लावलेला सांधा लाकडाला नाही, रंगाला चिकटतो.

४) तळमजला आणि मधला मजला दोन बाजूंच्या मध्ये बसवा, मग मधल्या भिंती आणि शेवटी गच्ची. प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल आणि एक इंची बारीक खिळे. खिळा जाडीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे कडेपासून ४.५ मिमीवर यायला हवा. आधी बारीक भोक पाडले नाही, तर प्लायचे थर उकलतात.

५) डिंक ओला असतानाच समोरून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सुमारे ७८७ मिमी भरले, तर घर काटकोनात आहे. फरक आला, तर लांब कर्णाच्या दिशेने हळूच दाबा.

६) लगेच पाठ बसवा. पाठ नसलेला खोका बाजूने ढकलला, की तिरपा होतो. चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. चार मिमीची पाठ सर्व बाजूंनी डिंक-खिळ्यांनी बसली, की हा तिरपेपणा थांबतो. डुगडुगणाऱ्या बहुतेक बाहुलीघरांत हीच पाठ नुसती टेकवलेली असते.

७) दोरी गुंडाळून घट्ट आवळा आणि २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात, विशेषतः उल्हास नदीकाठच्या दमट हवेत, याहून जास्त वेळ द्या.

पाया कशासाठी?

या घराचे वजन साधारण साडेचार किलो भरते. उंची अर्धा मीटर आणि खोली जेमतेम २० सेंटिमीटर. मुलाने गच्ची धरून पुढे ओढले, तर सुमारे २५ अंश झुकताच ते अंगावर येईल. दोन बाय एक फुटाच्या पायावर घर मागच्या कडेला धरून बसवले, की पुढे १० सेंटिमीटरचे अंगण मिळते, गुरुत्वमध्य खाली येतो आणि हीच मर्यादा ४५ अंशांच्या आसपास जाते. तुळशी वृंदावनाला जागा होते, ती वेगळीच.

रंग कोणता टाळावा?

माळ्यावर पडलेला जुना ऑइलपेंटचा डबा अजिबात वापरू नका. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसे कितीतरी जास्त असू शकते. लहान मुले खेळणी तोंडात घालतात. शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. नवा, पाण्यात मिसळणारा, डब्यावर शिशाबाबतचा उल्लेख असलेला रंग घ्या. रंगकाम झाल्यावर घर किमान आठवडाभर हवेशीर जागी ठेवा.

हाच नियम जुन्या लाकडाला. पाडलेल्या घराच्या दाराची फळी आठवण म्हणून वापरावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यावरचे रंगाचे थर घरात घासू नका. शिशाची धूळ उडण्याचा धोका असतो. कधीच रंग न लागलेला भाग असेल तरच वापरा. नाहीतर जुने दार मोठ्यांच्या शोकेसमध्ये राहू द्या.

मुलाच्या हाती देण्याआधी काय तपासावे?

भारतीय खेळणी मानक आयएस ९८७३ नुसार तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात सुटे बारीक भाग चालत नाहीत. चाचणीच्या नळीचा व्यास ३१.७ मिमी, म्हणजे जवळपास सव्वा इंच असतो. त्यात संपूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. म्हणून धाकटे भावंड असलेल्या घरात मण्यांचे दिवे, छोटे कप, बटणांच्या थाळ्या नकोत. बिजागऱ्यांचे दार लावू नका, बोटे चिमटतात. उघडी चौकट पुरते. बटण सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या माळा टाळा. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकतो. छोटी शक्तिशाली चुंबकेही नकोत. शेवटी जुना पायमोजा हातात घालून घराच्या सर्व कडांवरून फिरवा. जिथे धागा अडकेल, तिथे कुसळ आहे.

असे घर बनवून विकता येईल का?

घरच्या मुलाला भेट देण्यासाठी परवाना लागत नाही. विक्रीसाठी मात्र खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश २०२० लागू होतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर बीआयएसचा शिक्का बंधनकारक आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागीरांनी बनवलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डर घेण्याआधी नोंदणीची चौकशी करा.

सजावट किती करावी?

शक्य तितकी कमी. भिंती, मजले, खिडक्या आणि एक शांत रंग, एवढ्यावर थांबा. तयार सोफा आणि चिकटवलेला पलंग असला, की खोली कायमची ठरून जाते. कोरी खोली आज दवाखाना, उद्या शाळा आणि परवा गणपतीचा मांडव होते. काडेपेटीचा कपाट, उरलेल्या ब्लाउजपीसचा पडदा, बाटलीच्या झाकणाची चूल हे मुलांना सुचू द्या. तिसऱ्या पट्टीतून उरलेला वीतभर प्लाय घासून घराबरोबरच द्या, त्यातून पलंग होईल की फळा, ते मूल ठरवेल. घर तुम्ही द्या. संसार त्यांना मांडू द्या.