ब्राह्मी : ओलसर जागेची लागवड आणि वैद्याची जबाबदारी

चरकसंहितेच्या अपस्मारचिकित्सेतील ब्राह्मीघृतासाठी ब्राह्मीचा रस सांगितला आहे. मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आहे. दोन्ही ठिकाणी ताजी वनस्पती अभिप्रेत आहे. मुंबईतील वैद्याच्या हाती मात्र बहुधा वाळलेले पंचांग किंवा तयार चूर्णच येते. ताजे द्रव्य न मिळाल्यास चूर्ण दुप्पट पाण्यात अहोरात्र भिजवून रस घ्यावा, अशी सोय शार्ङ्गधराने केली आहे. परंतु तो पर्याय होय, प्रथम पक्ष नव्हे. यास्तव ज्या वैद्यबंधूंच्या दवाखान्यालगत थोडीशी ओलसर, उजेडाची जागा आहे, त्यांनी ब्राह्मीची लागवड अवश्य करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम ओळख निश्चित करावी. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, आपल्याकडील नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी. बाजारात याच नावाने पुष्कळदा सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी ऊर्फ कारिवणा, दिली जाते. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल, समोरासमोर व जवळजवळ बिनदेठाची असतात. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे असून चव स्पष्ट कडू असते. मंडूकपर्णीचे पान वृक्काकार, दंतुर कडेचे व लांब देठाचे असते. दोन्ही वनस्पती शेजारी-शेजारी लावल्यास साहाय्यकांना शिकविण्यासाठी आणि पुरवठादाराचा ताजा माल पडताळण्यासाठी जिवंत नमुना हाताशी राहतो. औषधालयाच्या मालकांना हा लाभ लहान नाही.

नीरब्राह्मी ही बहुवर्षायू, जमिनीवर पसरणारी दलदलीतील वनस्पती आहे. कोकणपट्टीत भातखाचरांच्या कडेला आणि तळ्यांच्या काठी ती आपोआप वाढते. मुंबई बेटावर धोबीतलाव व गोवालिया टँक ही नावे उरली, तळी बुजली. गिरगावच्या चाळीतील गॅलरी, दादरच्या जुन्या इमारतींमागील अंगण किंवा परळ-लालबागच्या गच्च्या येथे आता उथळ घमेले हेच तिचे तळे.

सुमारे १५ सें.मी. खोलीचे घमेले घेऊन त्यात पोयटा व चांगले कुजलेले शेणखत भरावे. चार-पाच पेरांचे, मुळे फुटलेले तुकडे आडवे ठेवून हलकेच दाबावेत. पावसाळ्याचा आरंभ हा लागवडीस उत्तम काळ. दिवसातील काही तास ऊन मिळावे. गर्द सावलीत फांद्या लांबतात व पाने विरळ होतात. अडीच ते तीन महिन्यांत पहिली कापणी होते. बुडाशी चार-पाच सें.मी. खोड राखल्यास पुन्हा फूट येते. लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘प्रज्ञाशक्ति’ व ‘सुबोधक’ हे वाण विकसित केले आहेत; मोठ्या प्रमाणावर लागवड करू इच्छिणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा.

येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. माती चिखलासारखी ओली असावी, परंतु तिच्यावर पाणी साचू देऊ नये. डेंग्यू व मलेरियाच्या शहरात साचलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. वैद्याच्या दारातूनच रोग पसरावा, याहून मोठा विरोधाभास कोणता?

दुसरी दक्षता अधिक गंभीर आहे. नीरब्राह्मी पाण्यातील व मातीतील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू स्वतःत साठविते, हे संशोधनातून दिसून आले आहे. दूषित जल शुद्ध करण्याच्या संदर्भात हा तिचा गुण मानला जातो. औषधाच्या संदर्भात तोच दोष ठरतो. म्हणून नाल्याच्या किंवा रेल्वेमार्गाच्या कडेची ब्राह्मी कितीही हिरवीगार दिसली, तरी ती त्याज्य समजावी. मोरीचे साबणमिश्रित पाणी देऊ नये. गिरण्यांच्या जुन्या आवारातील किंवा बांधकामाच्या भरावाची माती वापरू नये. फार्माकोपियाने वनस्पतिज द्रव्यांत शिशासाठी १० व कॅडमियमसाठी ०.३ पीपीएम ही मर्यादा घातली आहे. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना ही तपासणी २००६ पासून बंधनकारक झाली; मुंबईच्या रुग्णाचे यकृत व वृक्क परदेशी ग्राहकाहून कमी मोलाचे नाहीत. उत्पादकांनी प्रत्येक खेपेची तपासणी करून घ्यावी.

आपल्याच रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास १९४० च्या औषध कायद्याने उत्पादन-परवान्यातून सूट दिली आहे. विक्रीसाठी उत्पादन करणाऱ्यास परवाना आवश्यकच. या सवलतीमुळे वैद्याचे उत्तरदायित्व कमी होत नाही, उलट वाढते. कारण तेथे द्रव्याची परीक्षा करणारा तो एकटाच असतो.

देश, काल व भूमी पाहून द्रव्य ग्रहण करावे, हा भेषजसंग्रहाचा नियम आपण सर्वांनी अभ्यासला आहे. एका घमेल्यातील ब्राह्मीने औषधालयाची गरज भागणार नाही. परंतु आपल्या रुग्णास दिलेला स्वरस कोणत्या वनस्पतीचा, कोणत्या मातीतला व कोणत्या पाण्यावर वाढलेला, हे वैद्यास खात्रीने सांगता येईल. येत्या पावसाळ्यात प्रत्येक सभासदाने निदान एक घमेले लावावे, ही आमची विनंती आहे.