मोटारीची चिप : शक्ती किती, बचत किती?

पेडण्याहून निघालेली टॅक्सी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशास येते आणि अस्नोड्याच्या वाटेने डिचोली गाठते. २०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हापासून पेडण्याच्या टॅक्सीवाल्याला तिकडच्या फेऱ्याही मिळू लागल्या. दिवसभर गाडी फिरली, तरी संध्याकाळी पेट्रोलचा आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडला की हाती थोडेच उरते. अशा माणसाला कोणी सांगितले, की काड्यापेटीएवढी डबी गाडीला जोडा, इंजिनाची शक्ती वाढेल आणि तिसरा हिस्सा इंधन वाचेल, तर त्याचे मन वळणे स्वाभाविक आहे. या आश्वासनात तथ्य किती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

आजच्या मोटारीत इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. हवा किती आत आली, ती किती उष्ण आहे, चालकाने पाय किती दाबला, हे निरनिराळे संवेदक त्याला कळवितात, आणि इंधन किती सोडावयाचे व ठिणगी केव्हा पाडावयाची, हे तो ठरवितो. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण बिघडले, तर धुराड्यातील प्राणवायूचा संवेदक तत्काळ कळवितो आणि संगणक चूक दुरुस्त करतो. १९८० च्या दशकात या संगणकातील चिप काढून दुसरी बसवीत असत. पुढे चिप न काढता आतील आज्ञावलीच बदलता येऊ लागली, तरी नाव मात्र ‘चिप’ हेच राहिले.

या आज्ञावलीत बदल केल्यास शक्ती खरोखर वाढते काय? टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात वाढते. टर्बोचा दाब वाढविला, त्याबरोबर डिझेल अधिक सोडले, की शक्तीत १५ ते ३० टक्के वाढ होऊ शकते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात मात्र हवा तेवढीच येते. तेथे फार तर थोड्या टक्क्यांचा फरक पडतो. पण वाढीव शक्ती म्हणजे वाढीव उष्णता, आणि तिचा भार पिस्टन, टर्बो व क्लच यांवर पडतो. मारुतीच्या मोटारींत २०२० पर्यंत वापरात असलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये सुमारे ७५ अश्वशक्तीचे, तर एर्टिगात सुमारे ९० अश्वशक्तीचे होते. परंतु त्यासाठी उत्पादकाने टर्बोही वेगळा बसविला होता. केवळ आकडे बदलून तो थांबला नव्हता.

आता बचतीचा प्रश्न. समजा, टॅक्सी महिन्याला ३००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. तिला २०० लिटर पेट्रोल लागेल. तिसरा हिस्सा वाचावयाचा, तर तेच काम १३३ लिटरांत व्हावयास हवे. इंजिन पेट्रोलमधील उष्णतेपैकी ३० टक्के कामी लावीत असेल, तर डबी जोडताच त्याने ४५ टक्के लावावी, असा याचा अर्थ झाला. मोटारींच्या पेट्रोल इंजिनांत जी उत्तमांत उत्तम आहेत, तीही ४० टक्क्यांच्या आसपासच घोटाळतात. मग जे मोठमोठ्या कारखान्यांस साधले नाही, ते काड्यापेटीएवढ्या डबीस कसे साधावे?

स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या खोबणीत बसविण्याच्या अशा अनेक स्वस्त डब्या उघडून पाहिल्या गेल्या, तेव्हा आत लुकलुकणाऱ्या दिव्यांवाचून फारसे काही निघाले नाही. काही डब्या हवेच्या तापमानाची खोटी खबर देऊन इंधन वाढवितात. पण धुराड्यातील संवेदक ते लबाडीचे माप बहुतेक वेळा पूर्ववत करतो. डिझेल मोटारीस चांगल्या बदलाने कमी फेऱ्यांवर जोर मिळतो, आणि चालकाने संयम राखला तर थोडी बचतही होते. पण हाती आलेला जोर न वापरणारा चालक विरळाच!

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास परस्पर करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींना बीएस-६ ची धुराची मर्यादा लागू झाली. बदललेले इंजिन ती ओलांडण्याचा संभव असतो. उत्पादकाची हमी गमावण्याचा धोका निराळाच.

ज्याला परीक्षाच पाहावयाची असेल, त्याने एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी, त्याच वाटेने महिनाभर गाडी चालवावी आणि वहीत लिटर व किलोमीटर मांडावेत. एका दिवसाच्या अनुभवावर विसंबू नये. खरी बचत याहून साध्या गोष्टींत आहे. चाकांतील हवा योग्य ठेवावी, हवेची जाळी स्वच्छ असावी, आणि महामार्गावर ताशी १०० ऐवजी ८० चा वेग राखावा. १०० च्या वेगाला हवेचा विरोध ८० च्या दीडपटीहून अधिक असतो. पाय थोडा आवरला, तर तो विरोध टळतो, आणि त्यासाठी कोणास एक पैसाही द्यावा लागत नाही.